व्हायरस दिसतो, पण निघत नाही: चाळीस फोल्डर्समधली हरवलेली नोंद

या प्रकरणातली मांडणी मध्यम आकाराच्या सीए ऑफिसात हमखास सापडते तशीच धरली आहे. विंडोज सर्व्हर २०१९ चा एक फाइल सर्व्हर. त्याच्या डी ड्राइव्हवर ‘युजर्स’ नावाचं फोल्डर आणि त्यात माणसागणिक एक अशी ४० फोल्डर्स. आपापलं फोल्डर प्रत्येकाला पीसीवर एच ड्राइव्ह म्हणून दिसतं. डोमेन (सगळी खाती आणि पीसी एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) आहे, सर्व्हरवर अँटिव्हायरसची सर्व्हर आवृत्ती आहे, दर रविवारी पहाटे २ वाजता पूर्ण स्कॅन लावलेला आहे. आर्टिकलशिपची (सीए होण्याआधीची उमेदवारी करणारी) मुलं क्लायंटकडे जातात, टॅलीचा बॅकअप आणि एक्सेलच्या फायली पेन ड्राइव्हवर आणतात आणि एच ड्राइव्हवर टाकतात.

जुलैअखेरीस, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, अशाच एका पेन ड्राइव्हवरून शॉर्टकट व्हायरस आत आला. हा प्रकार आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांनी आणि कॉलेजच्या लॅबनी घरोघरी पोचवलेला. तो खरी फोल्डर्स हिडन करतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर डबल क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते आणि मग खरं फोल्डर उघडतं. माणसाला काही वेगळं घडल्याचा पत्ताच लागत नाही.

अँटिव्हायरसला मात्र पत्ता लागला होता. दिवसातून आठ-दहा वेळा सर्व्हरवर तोच संदेश येई: धोका सापडला, कारवाई अयशस्वी, अ‍ॅक्सेस डिनाइड. फाइल तीच, फोल्डर तेच. आणि रविवारच्या स्कॅनचा अहवाल काय म्हणत होता? धोके शून्य.

या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की अँटिव्हायरस बदलायची घाई करू नये. सॉफ्टवेअर आपलं काम करत असतं, त्याला फोल्डरमध्ये शिरायला वाट नसते.

दिसणं वेगळं, काढणं वेगळं

अँटिव्हायरसचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक ड्रायव्हर, जो विंडोजच्या गाभ्यात बसून फाइल उघडली जाताना मध्ये येतो. फाइल उघडणारा युजर आणि परवानगीही युजरचीच, त्यामुळे ड्रायव्हरला मजकूर दिसतो आणि तो धोका ओळखतो. दुसरा भाग म्हणजे सर्व्हिस, जी बहुतेक उत्पादनांत ‘सिस्टिम’ या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याखाली चालते. फाइल साफ करणं, क्वारंटाइनमध्ये (अलग कोठडीत) हलवणं, पुसणं हे काम तिचं. तिला त्या फोल्डरवर परवानगी नसेल तर विंडोज इतर कुणाला थांबवेल तसंच तिलाही दारात थांबवतं.

ठरलेल्या वेळेचा स्कॅन तर संपूर्णपणे या सर्व्हिसच्या जिवावर चालतो. फोल्डर उघडताच आलं नाही तर ती ते सोडून पुढे जाते. ‘धोके शून्य’चा अर्थ ‘जिथे शिरता आलं तिथे शून्य’ एवढाच. अहवालात खाली कुठेतरी ‘वगळलेल्या वस्तू’ असा आकडा असतो. आधी तो आकडा पाहायचा.

सिस्टिम खात्याकडे बॅकअप, रिस्टोअर आणि मालकी घेण्याचे विशेषाधिकार असतात हे खरं. ते वापरून परवानगीला वळसा घालता येतो, आणि काही अँटिव्हायरस तसं करतातही. पण त्यावर विसंबू नये, कारण एकाच उत्पादनात स्कॅनचा भाग तो अधिकार वापरतो आणि साफसफाईचा भाग वापरत नाही, असंही आढळतं.

साफ करायला नेमकं काय लागतं? फाइलमधला व्हायरसचा तुकडा काढायचा तर वाचणं आणि लिहिणं. क्वारंटाइन करायचं तर वाचणं आणि पुसणं. पुसण्यासाठी फाइलवर ‘डिलीट’ हवं, किंवा ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ हवं. दोन्हींपैकी एक पुरतं. ‘मॉडिफाय’मध्ये पहिलं येतं, दुसरं फक्त ‘फुल कंट्रोल’मध्ये. म्हणून सिस्टिमला फुल कंट्रोल देण्याची रीत आहे: आतल्या एखाद्या फाइलची परवानगी बिघडलेली असली तरी वरच्या फोल्डरच्या जोरावर ती पुसता येते.

तपासणी

टास्क शेड्युलरमध्ये एक काम तयार केलं, खातं ‘सिस्टिम’ निवडलं आणि एक छोटी बॅच फाइल चालवली. ती प्रत्येक फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवते, लगेच पुसते आणि जमलं की नाही ते लॉगमध्ये लिहिते. खऱ्या व्हायरसशी खेळ नाही, चाचणी फाइलही नाही. ४० पैकी २७ फोल्डर्स ठीक निघाली. १३ ठिकाणी अ‍ॅक्सेस डिनाइड.

ही १३ सगळी एका कारणाने अडलेली नव्हती, आणि सरसकट एकच उपाय केला असता तर नुकसान झालं असतं.

नऊ फोल्डर्सच्या परवानग्यांच्या यादीत सिस्टिमची नोंदच नव्हती. त्यातल्या एकाची सिक्युरिटी टॅब त्या कर्मचाऱ्याच्याच पीसीवरून उघडून पाहिली. यादीत एकच ओळ, तिचं स्वतःचं नाव, फुल कंट्रोल. खाली काही नाही. कधीतरी कुणीतरी ‘प्रत्येकाचं खासगी राहू दे’ म्हणून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली उतरणं) बंद केलेली असते. तेव्हा विंडोज दोन पर्याय विचारतं: वरून आलेल्या परवानग्या इथल्या म्हणून ठेवायच्या, की सगळ्या काढून टाकायच्या. दुसऱ्यावर क्लिक झालं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्ससोबत सिस्टिमही जातं. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

एक फोल्डर पार्टनरचं, पगारपत्रकांचं. तिथे सिस्टिमला फुल कंट्रोल होतं, तरी चाचणी अडली. हे कोडं अनेकांना दिवसभर पुरतं. उत्तर असं, की त्या यादीत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स: डिनाय’ अशी नोंद होती आणि सिस्टिम खात्याच्या टोकनमध्ये (विंडोज तपासतं त्या ओळखपत्रात) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हा गट असतोच. थेट लावलेला डिनाय परवानगीच्या आधी वाचला जातो. अ‍ॅडमिनला बाहेर ठेवायला लावलेलं कुलूप अँटिव्हायरसलाही लागलं. एखाद्याला प्रवेश द्यायचा नसेल तर त्याची नोंद न ठेवणं पुरतं. डिनाय लावायची वेळ क्वचितच येते.

उरलेली तीन फोल्डर्स आर्टिकलशिप संपवून गेलेल्या मुलांची. त्यांची खाती डोमेनमधून काढलेली. यादीत नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा (खात्याचा विंडोजमधला ओळख क्रमांक), मालकाच्या जागीही तोच. चालू असं खातं एकही नाही.

यात आणखी एक गाठ सापडली. २७ ठीक फोल्डर्सपैकी दोनांत काही आतल्या फायली हट्टी होत्या. त्या गेलेल्या मुलांच्या फोल्डरमधून सर्व्हरवरच कट-पेस्ट करून आणलेल्या. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी केली तर नव्या जागेच्या परवानग्या घेते. कागदपत्रं एकाकडून दुसऱ्याकडे देताना कॉपी करून मग जुनी पुसावीत, ते या कारणासाठी.

प्रत्येक ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ परवानगीचाच असतो असंही नाही. रीड-ओन्ली खूण असलेली फाइल पुसायला गेलं, किंवा चालू असलेली ईएक्सई पुसायला गेलं, तरी तोच एरर ५, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा क्रमांक, येतो. कुणी फाइलवर विंडोजचं एन्क्रिप्शन लावलं असेल तर फुल कंट्रोल असूनही मजकूर वाचताना एरर ५. एरर ३२ असेल तर फाइल दुसऱ्या कुणी उघडून धरली आहे, परवानगीचा संबंध नाही. आकडा लॉगमधून बघितल्याशिवाय हात लावू नये.

आणखी एक सापळा: पीसीवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून मॅप केलेला ड्राइव्ह स्कॅन करायला लावणं. तिथे शेअरची (फोल्डर नेटवर्कवर खुलं करताना लावलेली) परवानगी आणि फोल्डरची परवानगी यांतली जी कडक ती लागू होते. शेअरवर ‘रीड’ असेल तर फोल्डरवर फुल कंट्रोल असूनही साफसफाई होणार नाही. शिवाय दुसऱ्या मशीनवरचं सिस्टिम खातं नेटवर्कवर सिस्टिम म्हणून ओळखलं जात नाही. ते त्या मशीनच्या डॉलर चिन्हाने संपणाऱ्या खात्याच्या नावाने येतं. सर्व्हरवरच्या फायली सर्व्हरवरच स्कॅन कराव्यात.

काय केलं नाही

मूळ फोल्डरवर ‘एव्हरीवन: फुल कंट्रोल’ देऊन खालपर्यंत उतरवणं, हा सल्ला सर्रास मिळतो. अँटिव्हायरसची अडचण त्याने सुटेल. पण मग एका पीसीवर रॅन्समवेअर आलं तर एका माणसाच्या फायलींऐवजी चाळीस जणांच्या फायली एका तासात लॉक होतील. साफ करणाऱ्याला वाट द्यायची म्हणून पसरवणाऱ्यालाही तीच वाट देणं परवडत नाही.

दुसरा सल्ला, सगळ्या फोल्डर्सची मालकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सकडे घ्या. हाही टाळला, तीन कारणांनी. एक, टेकओन ही मालकी घेण्याची आज्ञा आर स्विचने (आज्ञेला जोडायच्या पर्यायाने) आतपर्यंत चालवली आणि डी स्विचला ‘वाय’ दिलं, तर जिथे यादी पाहता येत नाही तिथे ती परवानग्या बदलून फक्त तुमच्या ठेवते. युजरची स्वतःची नोंद उडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच त्याचा एच ड्राइव्ह उघडत नाही. दोन, एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल व्यवस्थेचा) कोटा, म्हणजे माणशी जागेची मर्यादा, मालकावरून मोजला जातो, त्यामुळे मालक बदलला की हिशेब विस्कटतो. तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं: शॉर्टकटच्या फाइलचा मालक कोण, हाच कुणाच्या खात्यातून व्हायरस लिहिला गेला याचा पुरावा असतो. एक्सप्लोररमध्ये ‘ओनर’ हा कॉलम लावला की संसर्ग झालेला पीसी कुणाचा ते पाच मिनिटांत कळतं. सरसकट मालकी घेतली की हा माग पुसला जातो.

एक्सप्लोररमध्ये बंद फोल्डरवर क्लिक केल्यावर येणारं ‘कंटिन्यू’ बटणही दाबू नये. ते तुमच्या खात्याची कायमची नोंद त्या फोल्डरवर आणि आतल्या सगळ्यांवर चढवतं.

दुरुस्ती

पहिलं काम, आहे त्या परवानग्या जपून ठेवणं. आयकॅक्ल्स या परवानग्यांच्या आज्ञेला सेव्ह, टी (आतल्या सगळ्यांसाठी) आणि सी हे स्विच देऊन सगळ्याची एक फाइल बनवली. शेवटी ती किती वस्तू झाल्या आणि किती फसल्या ते सांगते. फसलेल्यांचा आकडा शून्य नसेल तर नेमकी बंद फोल्डर्सच या बॅकअपमध्ये नाहीत असं समजायचं. सी स्विच चुकांवर न थांबता पुढे जातो, त्यामुळे हे सहज निसटतं. परत चढवतानाही एक अडचण असते. सेव्ह करताना डी ड्राइव्हवरचं युजर्स फोल्डर दिलं असेल, तर रिस्टोअर करताना त्याच्या वरची पातळी, म्हणजे डी ड्राइव्हचं मूळ, द्यावं लागतं. युजर्स फोल्डर दिलं तर ती युजर्सच्या आत युजर्स शोधत बसते.

नऊ फोल्डर्ससाठी मालकी कुणाचीच हलवली नाही, काम मालकाच्याच हातून करून घेतलं. मालकाला आपल्या फोल्डरची यादी बदलण्याचा हक्क असतोच. त्या नऊ जणांना एक लॉगऑन स्क्रिप्ट (लॉगिन होताच आपोआप चालणारी) लावली. ती सर्व्हरवरच्या त्यांच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता घेऊन आधी परवानग्या सेव्ह करते, मग आयकॅक्ल्सच्या ग्रँटने सिस्टिमला ‘(ओआय)(सीआय)एफ’ देते. ओआय म्हणजे खालच्या फायलींना, सीआय म्हणजे खालच्या फोल्डर्सना, एफ म्हणजे फुल कंट्रोल. सिस्टिम हे नाव न लिहिता तारांकन लावून त्याचा ठरलेला आकडा ‘एस-१-५-१८’ लिहिला, म्हणजे विंडोजची भाषा कोणतीही असो, चूक होत नाही. इथे टी स्विच दिला नाही, कारण नोंद वरून आपोआप उतरते. टी दिला तर प्रत्येक फाइलवर स्वतंत्र नोंद चिकटते आणि पुढे आवरताना त्रास होतो. आत जिथे इनहेरिटन्स तोडलेली होती तिथे दुसऱ्या ओळीने, इनहेरिटन्सला ‘ई’ देऊन आणि टी लावून, ती पुन्हा चालू केली. रिसेट हा स्विच वापरला नाही. तो थेट दिलेल्या सगळ्या नोंदी काढून फक्त वरून येणाऱ्या ठेवतो.

पहिल्या सकाळी स्क्रिप्ट नऊही ठिकाणी फसली. कारण शेअरवर ‘चेंज’ होतं. चेंजने फायली लिहिता-पुसता येतात, पण शेअरमधून परवानग्या बदलता येत नाहीत, फोल्डरचे मालक असलात तरी. शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना तात्पुरतं फुल कंट्रोल दिलं, स्क्रिप्ट पुन्हा चालली, आणि रजेवरचे शेवटचे दोघं येऊन लॉगिन झाल्यावर शेअर परत चेंजवर आणला. हा चेंज आता कामाचा ठरतो, कारण पीसीवरून कुणालाही सिस्टिमची नोंद पुन्हा काढता येत नाही. (ग्रुप पॉलिसीतलं, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नियमांतलं, युजरची फोल्डर्स सर्व्हरवर वळवणारं फोल्डर रीडायरेक्शन वापरत असाल तर हे जमत नाही, तिथे शेअरवर फुल कंट्रोल लागतं. तिथल्या ‘ग्रँट द युजर एक्सक्लुझिव्ह राइट्स’ या खुणेबद्दल मोठा गैरसमज आहे. ती खूण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना बाहेर ठेवते, सिस्टिमला नाही.)

पार्टनरच्या फोल्डरवर त्यांनीच बसून डिनायची ओळ काढली, शेअर खुला असतानाच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सची परवानगी तिथे नव्हतीच आणि दिलीही नाही. त्यांनी विचारलं, ‘मग अ‍ॅडमिनला आता पगार दिसणार का?’ सरळ उघडून दिसणार नाही. पण सर्व्हरचा अ‍ॅडमिन टास्क शेड्युलरमधून सिस्टिम होऊ शकतो, आणि मालकीही घेऊ शकतो. ती भिंत डिनाय असतानाही पातळच होती. त्यामुळे त्या फोल्डरवर ऑडिटिंग लावलं: कुणी उघडलं तर सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६६३, परवानगी बदलली तर ४६७०. खरोखर कुणाच्याही हाती पडू नये अशी फाइल पासवर्डने बंद करावी, आणि अशी फाइल अँटिव्हायरसलाही आतून तपासता येणार नाही हे मान्य करावं.

गेलेल्या तीन मुलांसाठी रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा वापरली. बी स्विचने ती बॅकअपच्या अधिकाराने वाचते, म्हणून परवानगी नसली तरी चालतं. कॉपी करताना मजकूर, खुणा आणि तारखा एवढंच घेते, जुन्या परवानग्या घेत नाही. त्यामुळे नव्या ‘जुने आर्टिकल्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलला तिथलीच स्वच्छ परवानगी मिळाली, आणि व्हायरसच्या फायली नव्या जागी लिहिल्या जातानाच अँटिव्हायरसने पकडल्या. अशा फाइलवर रोबोकॉपी अडते आणि पुन्हा प्रयत्न करते. मुळात ठरलेले प्रयत्न किती? १० लाख, प्रत्येकी ३० सेकंद थांबून. आर आणि डब्ल्यू दोन्हींना १ दिलं नाही तर ती तिथेच बसून राहते. कॉपी जुळवून पाहिल्यावर मग जुन्या फोल्डर्सवर टेकओन आतपर्यंत चालवलं आणि ती पुसली. इथे परवानग्या उडाल्या तरी कुणाचं काही जात नव्हतं. कट-पेस्टने आलेल्या हट्टी फायलींनाही हाच मार्ग लावला.

नंतर

युजर्स या मूळ फोल्डरची घडी नीट बसवली: सिस्टिमला फुल कंट्रोल, या फोल्डरसह खाली सगळीकडे. क्रिएटर ओनरला (जो फाइल किंवा फोल्डर बनवेल त्याला) फुल कंट्रोल, फक्त खालच्या फोल्डर्स आणि फायलींवर. कर्मचाऱ्यांच्या गटाला यादी पाहण्यापुरतं, तेही फक्त या फोल्डरवर.

मग सिस्टिमची तीच बॅच फाइल पुन्हा चालवली. जी ३७ फोल्डर्स उरली ती सगळी जमली, नवं ‘जुने आर्टिकल्स’ही. एका चाचणी खात्याच्या फोल्डरमध्ये ६८ अक्षरांची ईआयसीएआर ही अँटिव्हायरस तपासायची निरुपद्रवी चाचणी फाइल ठेवली, ती क्षणात क्वारंटाइनमध्ये गेली. रविवारची वाट न पाहता पूर्ण स्कॅन लावला. या वेळी अहवालात धोके दिसले, आणि ते निघालेही. वगळलेल्या वस्तूंचा आकडा खाली आला, पण शून्य झाला नाही. उरल्या त्या पासवर्डच्या झिप आणि एक्सेल फायली.

ज्या दोन खात्यांच्या नावावर शॉर्टकट सापडले होते त्यांचे पीसी आधीच नेटवर्कवरून काढून साफ केले होते. हे राहिलं असतं तर सर्व्हर दुपारपर्यंत पुन्हा तसाच झाला असता.

एक फाइल मुद्दाम तशीच ठेवली आहे. एका जुन्या कर्मचाऱ्याच्या आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल), तिच्यात कुठल्यातरी मेलला लागलेल्या जोडणीत धोका आहे. आता परवानगी असल्याने अँटिव्हायरस ती उचलू शकतो, पण उचलेल तर अख्खी पीएसटी, सगळ्या मेलसकट. म्हणून त्या प्रकारच्या फायलींसाठी कारवाई ‘फक्त कळवा’ अशी केली. तो मेल आउटलुकमध्ये शोधून हाताने काढायचा, डिलीटेड आयटम्स रिकामं करायचं, आणि मग पीएसटी कॉम्पॅक्ट करायची. ती कॉम्पॅक्ट होईपर्यंत काढलेल्या मेलचा मजकूर फाइलमध्ये शिल्लक राहू शकतो आणि इशारा येत राहतो.